आईताई

दमयंतीबाईंचा चष्मा गाडीच्या टपावर राहिला आणि गाडी निघाली. मूळ घटना एवढीच. पुढे त्यातून जे उभं राहिलं त्यात चौदा माणसं, सहा गाड्या, जपानचं रेल्वे खातं आणि नाना नावाचे एक सद्गृहस्थ गुंतत गेले. पैकी नाना अस्तित्वातच नाहीत, हे फक्त ऋतुराजला ठाऊक होतं. निदान ऋतुराजचा तसा समज होता.

ऋतुराज हा दमयंतीबाईंचा जावई. न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमधल्या एका कन्सल्टन्सीत तो सांडपाण्याच्या पाइपांचा उतार काढतो. हे काम नीट झालं तर जन्मात कोणाला तुमचं नाव कळत नाही, आणि ऋतुराजचं काम नेहमी नीट व्हायचं. बायको सुखदा हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. दमयंतीबाई चिंचवडहून लेकीकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. टेलिफोन खात्यात त्यांनी तीस वर्षं ट्रंक कॉल जोडले. माणूस नुसता 'हॅलो' म्हणाला तरी पुढे खोटं बोलणार आहे की नाही हे आईला कळतं, असं सुखदा लग्नाआधीच म्हणाली होती. ऋतुराजने ते विधान मनावर घेतलं नव्हतं. घ्यायला हवं होतं.

चष्मा दूरचा होता. जवळचं दमयंतीबाईंना उत्तम दिसे. अजून एका झटक्यात सुई ओवत. पण चार हातांपलीकडे सगळं न्यूझीलंड त्यांच्या लेखी हिरवा पडदा. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये त्यांनी काच पुसायला म्हणून चष्मा काढला, टपावर ठेवला आणि मग मिरच्या दोनशे ग्रॅमच का घेतल्या यावर चर्चा झाली. लक्षात आल्यावर गाडी गेली त्या रस्त्यावर तिघांनी तीन फेऱ्या मारल्या. डावी काडी सापडली.

नवा चष्मा करायचा, त्यात काय मोठं? पण डोळे तपासायला तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. पुण्याच्या डॉक्टरांचा जुना कागद काउंटरवरच्या मुलीने आडवा धरला, उभा धरला आणि "हे त्यांनी घाईत काढलंय का?" असं विचारलं. डोळे तपासून झाल्यावर कळलं की काचा ऑकलंडहून येणार, फ्रेम क्राइस्टचर्चहून येणार, आणि दोघींनी पामर्स्टन नॉर्थला भेटायचं आहे. मध्ये ईस्टर आला. ईस्टर आटोपतोय तोवर ॲन्झॅक डेची सुट्टी आली. फ्रेम म्हणे बोटीत होती.

या काळात संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न होता. ऋतुराजला जपानी मालिकांचा नाद. त्यातही एक खास जात त्याला आवडायची. एखादा साधा माणूस असतो. डबा घेऊन ऑफिसला जातो, डबा धुऊन परत आणतो. मग एके दिवशी त्याच्या कपाटात शेजारी राहायला येतो, किंवा गावातल्या सगळ्यांना त्याचं नाव आठवेनासं होतं. यातली सर्वांत मोठी गंमत ऋतुराजच्या मते अशी की कोणी किंचाळत नाही. माणूस कपाट उघडतो, आत शेजाऱ्याला बघतो आणि म्हणतो, "अरे?" अगदी असंच. जपानीतही 'अरे?'च म्हणतात. मग कपाट लावून घेतो आणि कामाला जातो.

"मला वाचता येणार नाही खालचं," दमयंतीबाई म्हणाल्या. "तू वाचून सांग. मराठीत सांग, म्हणजे माझं विणकामही होईल."

अशा रीतीने ऋतुराज डबिंग आर्टिस्ट झाला.

मालिका अकरा भागांची होती. मोरिता नावाचा एक कारकून एका लहान रेल्वे स्टेशनावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसतो. छत्र्या, टोप्या, एकदा एक तुतारी. वस्तूला चिठ्ठी लावायची, तीन महिने सांभाळायची, कोणी न्यायला आलं नाही तर पुढची कारवाई. एके सकाळी खिडकीत एक म्हातारी येते आणि म्हणते, "मी हरवले आहे. कोणी न्यायला येईपर्यंत ठेवून घ्या." मोरिता म्हणतो, "अरे?" नियमपुस्तक काढतो. माणूस ठेवून घेऊ नये असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. त्या दिवशी सहा छत्र्या जमा झालेल्या असतात. म्हातारीला सातवी चिठ्ठी लागते.

पहिला भाग सुरळीत गेला. किरकोळ शंका तेवढ्या आल्या.

"तो पोरगा आईला मामा का म्हणतोय?"

"तिकडे पद्धत आहे, आई."

"आणि काकी कुठायत? मघापासून सगळे काकी काकी करतायत, पुढ्यात तर नुसती टोपली दिसतेय."

"त्या फळाला काकी म्हणतात."

दमयंतीबाईंनी एक सुईभर विचार केला. "नातेवाइकांचं खाद्य करून टाकलंय म्हण ना."

घोटाळा दुसऱ्या भागात झाला. म्हातारी स्टेशनवरच्या पब्लिक फोनपाशी जाते, नंबर फिरवते आणि रडत रडत म्हणते, "आईताई... आईताई..." ऋतुराजने खालची इंग्रजी ओळ मनात वाचली आणि तो सांगायचा थांबला. लिहिलं होतं: 'मला तुला भेटायचंय. दोनच वर्षं म्हणाला होतास.'

तेवढ्यात शालीखालून सुखदाचा चिमटा आला.

इथे थोडं मागे जायला हवं. सहा वर्षांपूर्वी एअरपोर्टवर सुखदाही आईला हेच म्हणाली होती: दोनच वर्षं. आणि सासूबाई येण्याच्या आदल्या आठवड्यात दोघांना इथली कायमची रेसिडेन्सी मिळाली होती. सुखदाने त्या पत्राची प्रिंट काढली, कारण महत्त्वाचं सगळं कागदावर असावं ही शिकवण आईचीच. मग आईच्या हाती लागू नये म्हणून तो कागद तिने घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवला. "सांगू रे, योग्य वेळी," ती रोज म्हणायची. "एकटी असते ती तिकडे. एकदम कसं सांगायचं?" योग्य वेळ ही त्या फ्रेमसारखीच बोटीत होती.

"काय म्हणते रे ती?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"ऑफिसला फोन करतेय."

"रडत?"

"तिकडे ऑफिसला रडतच करतात."

"आणि आईताई कोण?"

"कोडवर्ड आहे," ऋतुराज म्हणाला. वाक्य तोंडातून निघून गेलं होतं, आता त्याच्यामागे धावणं भाग होतं. "आईताई म्हणजे... इन्स्पेक्शन. ही बाई रेल्वेची गुप्त इन्स्पेक्टर आहे. खिडकीवरचा कारभार कसा चालतो ते बघायला आलीय."

"अगंबाई! मग सगळे सारखे नाना नाना म्हणतात, ते?"

जपानीत नाना म्हणजे सात. सगळे तिला 'सात नंबर' म्हणत होते. हे खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण खोटं बोलायला लागलेल्या माणसाला मधेच खरं बोलण्याची भीती वाटते.

"नाना तिचे साहेब," ऋतुराज म्हणाला. "टोकियोला असतात."

दमयंतीबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "नाना आपल्या बाईमाणसाला असं एकटीला पाठवतात? बघू या हं, कसले आहेत हे नाना."

दुसऱ्या दिवसापासून हा शब्द घरात रुळला. सुखदा फ्रिज आवरायला लागली की दमयंतीबाई म्हणत, "मी मघाच आईताई केलीय, खालच्या खणातला टोमॅटो टाक." भाड्याच्या घराची तिमाही तपासणी करायला एजन्सीची बाई आली, तेव्हा त्यांनी दारातूनच आत हाक दिली, "सुखदा, आईताई आली!" त्या बाईला ते बहुतेक स्वागतच वाटलं. तिने हसून "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार केला आणि ती बाथरूममधली बुरशी बघायला गेली.

बातमी फुटली ती प्रकाशकाकांमुळे. प्रकाशकाका आणि सुलभाकाकू हे इथल्या मराठी मंडळातलं ज्येष्ठ दांपत्य. काकू सल्ला द्यायला आल्या होत्या. ("दमयंतीताई, रोज सकाळी गवतावर अनवाणी चाला, चष्मा लागणार नाही." बाहेर चार अंश तापमान होतं.) काका रेल्वेतून निवृत्त झालेले. गुप्त तपासणी म्हटल्यावर ते खुर्ची ओढून बसलेच.

"आमच्याकडेही व्हायची! भुसावळला एकदा साहेब हमालाच्या वेशात आलेले. हे लोक फार बारीक अभ्यास करतात हो!" ते म्हणाले. मग त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कडेला गेली. "पण ऋतुराज, इथे 'माझा मुलगा' असं काहीतरी येतंय बघ."

"काका," ऋतुराज शांतपणे म्हणाला, "ही सबटायटल्स करणाऱ्यांना जपानी कुठे येतं?"

काकांनी क्षणभर विचार केला. या वाक्यात त्यांच्या आयुष्यभराच्या मतांचं सार होतं. "खरंय," ते म्हणाले. "दर्जाच राहिला नाही कशात."

त्यानंतर शनिवारची संध्याकाळ ठरूनच गेली. काका-काकूंनी आणखी दोघांना आणलं, त्या दोघांनी आपापल्या आईवडिलांना आणलं. इंग्रजी सगळ्यांना वाचता येत होतं, पण "वाचत कोण बसतं, तू सांगतोस ते जास्त जमतं," असा सूर होता. ऋतुराज म्हातारीचा आवाज काढी, मोरिताचा काढी, घोषणांचाही काढी. म्हातारी मुलाचा फोटो पुसत असली की तो सांगे, संशयिताची ओळख पटवतेय. ती गाडीच्या वेळा पुटपुटत वाट बघत बसली की तो सांगे, गाड्यांचा उशीर टिपून घेतेय. काका मान डोलवत. जपानी शिकावं म्हणजे थाप जरा मापाने मारता येईल, म्हणून त्याने फोनवर एक ॲपही घेतलं. दुसऱ्याच धड्यात 'सासु' म्हणजे भोसकणे, असं आलं. त्याने ॲप काढून टाकलं.

गाड्यांची रांग शेजारच्या ग्लेनिसच्या गवतापर्यंत गेली, तेव्हा ग्लेनिस तक्रार घेऊन आली. सत्तरीची, पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, हातात फिजोवांची, म्हणजे पेरूच्या जातीच्या हिरव्या फळांची, पिशवी. या मोसमात इथे तक्रारीला जातानाही फिजोवा न्यावे लागतात, कारण झाडाखाली ते संपतच नाहीत. तिला बसायला दिलं. तिला मराठीचा गंध नव्हता. तिने आपलं मुकाट्याने खालचं इंग्रजी वाचायला सुरुवात केली. पडद्यावर म्हातारी मुलाच्या लहानपणीचा स्वेटर उसवत होती. ऋतुराज म्हणाला, "नानांसाठी पुरावा गोळा करतेय." तेरा माणसं हसली. ग्लेनिस हुंदका देऊन रडली.

"हिला काय झालं?" दमयंतीबाईंनी हळूच विचारलं.

"मांजर गेलं तिचं."

"तिचं मांजर आता खिडकीत बसलं होतं."

"दुसरं."

दमयंतीबाईंनी ग्लेनिसला आपला रुमाल दिला, आणि पुढचा सगळा भाग कान टवकारून, मान किंचित कलती करून ऐकला. हेडफोन लावून बसलेली ऑपरेटर अशीच बसत असेल, हे ऋतुराजला फार उशिरा सुचलं.

नवव्या भागापर्यंत नाना हे मंडळाचं दैवत झालं होतं. "नाना कधी येणार?" असं लोक ऋतुराजला रस्त्यात विचारत. काकूंचं म्हणणं, नाना आणि म्हातारीचं काहीतरी जुनं असणार. काकांचं म्हणणं, नानांची बदली होणार. ऋतुराजला झोपेत पाइपांऐवजी नाना दिसायला लागले. पोटाशी फाईल धरलेले, चेहरा नसलेले.

आणि त्या शुक्रवारी चष्मेवाल्यांचा ऋतुराजला फोन आला. काचा आणि फ्रेम भेटल्या होत्या.

त्याने जाऊन चष्मा घेतला. गाडीत बसला. डबी उघडली, मिटली. शेवटचा भाग आठ दिवसांवर, त्याच्या दोन दिवसांनी सासूबाईंचं विमान. म्हणजे दहा दिवस. दहा दिवसच जर या बाईंना लांबचं दिसलं नाही, तर त्या नानांच्या सहवासात सुखाने घरी जातील, आणि बाकीचं सुखदा फोनवर सांगेल. योग्य वेळी. त्याने डबी गाडीच्या पुढच्या खणात टाकली आणि खण लावला. आपण कपाट लावून कामाला जाणारा माणूस झालो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं. फक्त आत शेजारी नव्हता, सासूबाईंची नजर होती.

"फ्रेम अजून बोटीतच आहे," संध्याकाळी तो म्हणाला.

"असू दे," दमयंतीबाई म्हणाल्या. "समुद्र मोठा असतो."

शेवटच्या शनिवारी चौदा माणसं, डब्यांतून आलेले पोहे, एक चकलीचा डबा आणि फिजोवांच्या तीन पिशव्या एवढं घरात जमलं. दिवे मंद केले. ऋतुराज टीव्हीशेजारच्या आपल्या स्टुलावर बसला आणि त्याने श्रोत्यांकडे बघितलं. पहिल्या रांगेत मधोमध दमयंतीबाई बसल्या होत्या. नाकावर नवा चष्मा होता.

"अरे?" ऋतुराज म्हणाला.

"परवा दुकानातून फोन आला होता, काचा बसल्या का नीट म्हणून," दमयंतीबाई म्हणाल्या. "फॉर्मवर दुसरा नंबर माझा दिलाय ना तुम्ही. म्हणाली, तुमच्या जावयांनी गेल्या शुक्रवारीच नेला. मग गाडीतून काढून घेतला. करा तुम्ही सुरू."

तुम्ही. सहा वर्षांत त्या ऋतुराजला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाल्या होत्या. सुखदाने मागच्या मागे चकलीचा तुकडा मोडला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

शेवटचा भाग सुरू झाला. तीन महिने भरतात. मोरिता नियमपुस्तक उघडून बसतो. कोणीच आलेलं नाही. म्हातारी उठते, आपली सात नंबरची चिठ्ठी सोडते, घडी करून खिडकीत ठेवते आणि फोनपाशी जाते. नंबर फिरवते.

"आईताई," ती म्हणाली.

ऋतुराजने तोंड उघडलं. नाना, पुरावा, बदली, सगळं घशापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. तेरा माणसं वाट बघत होती. खाली ओळ आली, गेली, दुसरी आली. काका म्हणाले, "आवाज गेला का रे?"

मग पहिल्या रांगेतून आवाज आला. सपाट, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेला आवाज.

"'मला तुला भेटावंसं वाटतंय,'" दमयंतीबाईंनी वाचलं. "'परत ये असं नाही म्हणत. तुझं घर तिथेच आहे, कळलं मला. मला कोणी न्यायला नको, मी घर चुकलेली नाही. नुसतं भेटावंसं वाटतंय. एवढं सांगायला तीन महिने लागले.'"

म्हातारीने फोन ठेवला. तिकीट काढलं आणि आपली आपण गाडीत बसली. मोरिताने सातवी चिठ्ठी खिशात घातली. संपलं.

ग्लेनिसकडचा रुमाल एव्हाना सुलभाकाकूंकडे गेला होता.

"आणि नाना?" प्रकाशकाकांनी बारीक आवाजात विचारलं.

"नाना म्हणजे सात, प्रकाशराव. तिच्या चिठ्ठीचा नंबर. खाली येत होतं की."

काकांना ते लागलं. त्यांनी आठवडाभर नानांची पेन्शन किती बसेल याचा हिशोब मनात केला होता. "म्हणजे सबटायटल्स बरोबर होती?" ते ऋतुराजला म्हणाले. ऋतुराजने मान खाली घातली. लोकांनी मूकपणे आपापले डबे उचलले आणि नाना नुकतेच गेल्यासारखे एकेक करून बाहेर पडले.

दार लागलं, तशी सुखदा म्हणाली, "आई, आम्ही तुला सांगणारच होतो... एक पत्र आलंय..."

"ओव्याच्या डब्याखाली आहे ते," दमयंतीबाई म्हणाल्या. "फिजोवा बाधले होते मला, त्या दिवशी ओवा शोधत होते. आईपासून लपवायचं ते स्वयंपाकघरात कोण ठेवतं गं?"

"तुला तेव्हापासून माहितीय?"

"मला लांबचं दिसत नव्हतं. जवळचं पहिल्यापासून स्वच्छ दिसतंय."

"मग बोलली का नाहीस?" सुखदाचा आवाज फुटला.

"आधी राग आला होता. मग म्हटलं, बघू या, कोण सांगतंय आणि कधी." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि या वेळी मांडीवर ठेवला. "शिवाय हा नानांना कुठवर नेतो, तेही बघायचं होतं. खोटं सांगू नये, पण मला नाना आवडायला लागले होते." मग त्या जावयाकडे वळल्या. "ऋतुराज, ट्रंक कॉलला तीन मिनिटं मिळायची. माणसं रांगेत दोन-दोन तास उभी राहून तीन मिनिटांत खरं तेच बोलायची. तुम्हा दोघांना तीन महिने पुरले नाहीत."

"चुकलंच, आई," ऋतुराज म्हणाला. "चष्म्याचं तर फारच."

"चष्म्याचं चुकलंच. त्याला माफी नाही. ती काडी जपून ठेवलीय मी, दर दिवाळीला दाखवीन." त्या उठल्या. "पोहे उरलेत का रे तुझ्याकडे?"

तू. ऋतुराज इतक्या घाईने पोहे आणायला उठला की स्टूल आडवं झालं.

सोमवारी पामर्स्टन नॉर्थच्या चिमुकल्या एअरपोर्टवर ग्लेनिसही आली होती, फिजोवांची पिशवी घेऊन. विमानात नेता येणार नाहीत हे तिला समजावण्यात निरोपाचा बहुतेक वेळ गेला, ते बरंच झालं. सुखदा या वेळी वर्षांचा आकडा काही बोलली नाही. दमयंतीबाई काचेपलीकडून विमानाकडे चालत गेल्या. पायरीवर थांबून त्यांनी मागे वळून बघितलं. एवढ्या लांबून त्यांना आता दोघंही नीट दिसत असणार.

आठवड्याने चिंचवडहून मेसेज आला. आधी प्रवासाचं, मग शेजाऱ्यांचं, मग मिरच्या तिकडे केवढ्याला आहेत ते. सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीत:

'ऑक्टोबरात आईताईला येते. फ्रिज आवरू नका.'